नाव न घेणारी

खरं सांगू का, त्या डॉक्टरचा मला लई राग आल्ता.

गिरिजाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, इसरायचा आजार लागला. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत न्हाई. आमच्या पोरानं, बुद्धभूषणनं, जालन्याला नेऊन दाखवलं. मीबी संगं गेल्तो. डॉक्टर पोरसवदा. त्यानं गाव इचारलं, ही बराबर बदनापूर म्हणली. पोराचं नाव इचारलं, तेबी सांगितलं. मंग म्हणला, मालकाचं नाव काय? ही तोंडाला पदर लावून हसली अन् खाली बघत बसली. त्यानं आठवत न्हाई असं धरलं अन् पुढं सरकला.

अरे बाबा, लगीन झाल्यापासून तिनं माझं नाव घेतलेलंच न्हाई. जनगणनेवाले दारात आले तरी पोराला हाक मारून त्याच्याकडून सांगायची. मला ‘भूषणचे बाबा’ म्हणती. हे सगळं म्या डॉक्टरला समजावून सांगितलं. तो म्हणला, “बाबा, मंग त्यांना ते आठवतंय हे तरी कशावरून?”

झालं. हे जे डोक्यात घुसलं ते निघंच ना.

रोज सकाळी चहा झाला की मी तिच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसायचो. मी कोण? सांग की. नाव घे माझं. ती गप. आता लाजून गप, का इसरून गप, हे माणसानं वळखावं कसं? माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली. सिग्नल लाल हाय का हिरवा, एवढंच मला कळतं. असलं अधलंमधलं बिलकुल कळत न्हाई. मंग मी चिडायचो, आवाज चढायचा, अन् ती भिंतीकडं तोंड करून बसायची. त्यात तिला बुद्धवंदना सगळी पाठ, एक अक्षर इकडचं तिकडं होत न्हाई. मंग माझंच नाव तेवढं कुठं सांडलं? जीव जळायचा.

सून, प्रीती, गरीब स्वभावाची. पण एकदा तीबी बोलली, की मामा, तुम्ही रोज त्यांची परीक्षाच घेऊन राह्यले, जरा नुसतं बसत जा ना त्यांच्याजवळ. विहारात भन्तेजींनी अनित्य समजावून सांगितलं. म्हणले, सगळं बदलतं, धरून ठेवू नका, आत्ताचा क्षण बघा. म्या सगळ्यांदेखत म्हणलं, भन्तेजी, तुम्हाला बायको न्हाई. लोक हसले. भन्तेजीबी हसले. मला काय हसू आलं न्हाई.

परवा दुपारी तिच्यासाठी मोसंबी आणायला गेल्तो. मोसंबीवाला जुनी ओळख काढून बोलत बसला, त्यामुळं उशीर झाला. परत आलो तर ती दारातच बसलेली. मला बघून उठली, डोक्यावर पदर घेतला, अन् माझीच खुर्ची माझ्यापुढं सरकवली.

“बसा ना भाऊ,” ती म्हणली. “अप्पाराव बाजारात गेलेत. येतीलच आता.”

उभ्या जन्मात तिच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकून राह्यलो होतो. किती साफ घेतलं. नाव होतं तिच्याजवळ, बराबर होतं. ते ज्याचं, तो मात्र तिला भाऊ झाल्ता.

तोंडाशी आल्तं, की अगं, मीच तो, नीट बघ. संतापबी आला. कुणावर ते माहीत न्हाई. पण सांगितलं असतं तर ती घाबरली असती. न्हाई तर तिला आठवलं असतं, जीभ चावली असती, अन् ते नाव पुन्हा कधी बाहेर आलं नसतं. मी तसाच खुर्चीत बसलो. मोसंबी सोलली, अर्धी तिला दिली. तिनं परक्या माणसाकडून घ्यावी तशी दोन्ही हातांनी घेतली, अन् बिया तळहातावर काढत खाऊ लागली. मी बघत बसलो. लई दिवसांनी तिच्याकडं असं काही न इचारता बघत होतो.

मंग राहवलं न्हाई. इचारलंच.

“कसा माणूस हाय हो हा अप्पाराव?”

तिनं जरा इचार केला. “तापट हायेत,” म्हणली. “पण तुम्ही थांबा. भेटून बरं वाटंल तुम्हाला.”

मंग मी थांबलो.