बैठकीतली खुर्ची

गोपाळराव खुर्चीत टेकले आणि टेकताक्षणीच त्यांना कळलं, की ही खुर्ची आज आपल्याला दगा देणार.

माणसाला असल्या गोष्टी कळू नयेत. बाकीच्यांना कळत नाहीत, म्हणून ते सुखाने बसतात. पण गोपाळरावांनी उभी हयात कोराडीच्या वीज केंद्रात वाफेचे पाइप तपासण्यात घालवली होती. पाइप तापलेला, आतून दाब, आणि वर्षानुवर्षं तो कुणाच्या नकळत केसाकेसाने ताणला जातो. किती ताणला आणि अजून किती तग धरेल हे सांगायचं, हेच त्यांचं काम. त्यामुळे प्रतापनगरातल्या त्या घरात, मे महिन्याच्या दुपारी, खुर्चीच्या हातावरून फिरवलेल्या बोटाला पांढरी भुकटी लागलेली बघून त्यांनी काय ते ओळखलं. प्लास्टिक उन्हाने करपलं होतं. म्हणजे खुर्ची गच्चीवरची, पाहुणे येणार म्हणून पुसून खाली आणलेली. खाली गुळगुळीत टाइल्स, आणि वर गोपाळराव, क्विंटलच्या वर जेवढं भरता येईल तेवढं भरलेले.

आले होते ते मेघाची सोयरीक पक्की करायला. मेघा म्हणजे त्यांची एकुलती एक, कोराडीलाच ज्युनिअर इंजिनिअर, शिफ्टमध्ये. तिने आणि या घरच्या अंकुशने एकमेकांना कधीचंच पसंत केलं होतं. मोठ्यांची बैठक तेवढी उरली होती. निघताना तिने बापाला दारात अडवून सांगितलं होतं, "बाबा, बाकी काहीबी कबूल करा. पन ते नोकरी सोड म्हनतील, तिथं वाकू नका. तुमी लय लवकर वाकता."

पोरीचं खोटं नव्हतं. गोपाळरावांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नसे. भाजीवाल्याने दिलेले सडके टमाटेसुद्धा ते हसून घरी आणत आणि बायकोच्या, कांताबाईंच्या, शिव्या खात. आता असा माणूस पहिल्याच भेटीत व्याह्याला कसा सांगणार, की तुमची खुर्ची बाद आहे आणि माझं वजन जास्त आहे?

समोर सोफ्यावर मुलाचे वडील धम्मानंद बसले होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, पण घरातही बोलत ते फलाटावर बोलल्यासारखंच. शेजारी अंकुश, ज्याला त्याला मान डोलावत. स्वयंपाकघराच्या दाराशी त्याची आई जयाबाई उभ्या होत्या. सगळे बसले तरी त्या उभ्याच.

खुर्चीचे मागचे पाय हळूहळू बाहेर सरकू लागले. गोपाळरावांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने खाली वाकून पाहिलं. उजव्या पायाच्या मुळाशी एक पांढरी रेघ उमटली होती. लोखंड बिचारं बरं, ते आधी वाकतं, सांगून सवरून जातं. करपलेलं प्लास्टिक एवढी एक रेघ दाखवतं आणि मग एकदम हात वर करतं.

"तर लग्न इकडंच करू," धम्मानंद म्हणाले. "आमच्या मानसाईनं कोराडीले काहून याचं?"

त्याच क्षणी खुर्ची करकरली. गोपाळरावांनी भार मांड्यांवर घेतला आणि ते वीतभर वर उठले.

बैठकीतून मुलीचा बाप उठला, म्हणजे बोलणी फिसकटली. धम्मानंद दचकले. "बसा जी, बसा! मी आपला इचारून राहिलो. कोराडीले करू."

शेजारी बसलेल्या कांताबाईंनी नवऱ्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर ताठ झाला होता. गोपाळराव अलगद खाली टेकले, आणि रेघ थोडी लांबली.

"पन पाहुने आमच्याकडचे जास्त राहतील," धम्मानंद म्हणाले.

खुर्ची पुन्हा करकरली. गोपाळराव पुन्हा उठले.

"बरं जी, अर्धे आनू! तुमी तर लगेच उठता."

अंकुश सासऱ्याकडे आदराने बघायला लागला. कांताबाईंच्या चेहऱ्यावर अभिमान मावेना. खरं सांगायचं तर गोपाळरावांनाही क्षणभर आपण फार मोठे वाटलो. पण मांड्याही शेवटी हाडामांसाच्या. त्या थरथरत होत्या, घामाची धार पाठीतून उतरत होती, आणि कूलरचं तोंड नेमकं धम्मानंदांकडे होतं.

"आता शेवटचं," धम्मानंदांनी घसा खाकरला. "पोरगी चांगली हाय, आमाले पसंत हाय. फक्त नोकरी सोडाची. रातच्या शिफ्टा आमच्या घरात चालनार नाहीत."

गोपाळराव उठायला गेले. या वेळी खुर्चीसाठी नव्हे, मेघासाठी. पण नेमक्या तेव्हाच मांड्यांनी जीव सोडला आणि ते होते तेवढे सगळे खुर्चीत बसले.

"हं!" धम्मानंदांचा चेहरा उजळला. "हे बसले. म्हंजे मान्य हाय. चला, ठरलं!"

कांताबाईंचा चेहरा पडला. मेघा आता फोन हातात धरून वाट बघत असेल, हे गोपाळरावांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते बोलायला तोंड उघडतात तोच खाडकन आवाज झाला. खुर्चीचा पाय गेला, गोपाळराव फरशीवर आले, आणि खुर्चीचा एक हात त्यांच्या मुठीत राहिला.

सगळे धावले. धम्मानंद तर काळेठिक्कर पडले. पाहुणा आपल्या घरी, आपल्या खुर्चीतून पडला! "उठा जी, लागलं का? सोफ्यावर बसा."

"राहू द्या," गोपाळराव खालूनच म्हणाले. ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं, आणि फरशीवर आडव्या झालेल्या माणसाला आता भीड कसली? "मी मान्य नोतं केलं. मेघा नोकरी नाही सोडनार."

"अन् मंग बसले काहून?"

"मांड्या भरून आल्या. मी खुर्ची वाचवून राहिलो होतो."

धम्मानंदांना हे उमजायला जरा वेळ लागला. "म्हंजे कोराडीच्या वक्ती उठले, ते?"

"खुर्चीसाठी."

"पाहुन्यांच्या वक्ती?"

"तेबी खुर्चीसाठीच. लग्न पायजे तर तुमच्याकडं करा, पाहुने पायजे तेवढे आना. नोकरी नाही. नाही म्हंजे नाही."

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं. जयाबाई. तोंडाला पदर लावूनही हसू आवरेना. हसत हसतच त्या पुढे आल्या आणि कांताबाईंचा हात धरून फरशीवर बसल्या. मग हसू थांबलं.

"मीबी होती जी नोकरीवर," त्या म्हणाल्या. "नर्स होती. सोडाचं अशाच बैठकीत ठरलं. मी आतमंदी चहा करून राहिली होती, मले कोनी इचारलंबी नाही." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "पोरीची नोकरी राहीन."

अंकुशने मान डोलावली. आज पहिल्यांदाच त्याने ती वेळेवर डोलावली.

धम्मानंदांनी खुर्चीचा तुटका पाय उचलून भिंतीला टेकवला. मग आयुष्यभराच्या सवयीने एवढंच म्हणाले, "चहा आन वं."

"तुमी करा," जयाबाई जागच्या हलल्या नाहीत.

धम्मानंद आत गेले. आतून भांडी आपटल्याचे आवाज आले, लायटर बराच वेळ टकटकत राहिला, आणि शेवटी एका हरलेल्या वाहतूक नियंत्रकाचा आवाज आला, "साखर कुठी हाय वं?"

बऱ्याच वेळाने ते कप घेऊन बाहेर आले. मान पाहुण्यांचा, म्हणून पहिला कप त्यांनी गोपाळरावांपुढे धरला, थबकले, आणि तो जयाबाईंच्या हातात दिला.