एक कमी

पाकिटावरच्या तिकिटाचा एक कोपरा उन्हानं सुटून वर आला होता. कमळनं तो अंगठ्यानं दाबला, सोडला. तो पुन्हा उचलला गेला – सकाळपासून हे किती वेळा झालं असेल! पंधरा नव्या पैशांचं तिकीट, वळणदार अक्षरात लिहिलेला पत्ता, आणि आत अजून काहीच नाही. चारच्या एस्टीनं टपालाची पिशवी जायची. त्याआधी एका घराची प्रश्नावली भरून या पाकिटात गेली, तरच पुण्याच्या संस्थेतली पीएच.डी.ची जागा आणि दरमहाची शिष्यवृत्ती तिची. तिथल्या सरांनी तसं स्पष्ट कळवलं होतं. विषयही त्यांनीच ठरवलेला – धरणामुळे उठलेली गावं, चाळीस वर्षांनंतर. ‘तुम्ही तर त्यांच्यातल्याच,’ असं त्यांनी लिहिलं होतं, जणू ती मोठी सोयीची गोष्ट होती...

मे महिन्यात धरणाचं पाणी मागे हटलं की जुनं गाव असं वर यायचं. घरांची जोती, बांध, एखादं उखळ. आणि गोजराआत्या दरवर्षी एक दिवस इथं येऊन आपल्या बापाच्या घराच्या जोत्यावर बसायची, माहेरपणाला आल्यासारखी. आज कमळही तिच्यासोबत आली होती. नवरा गेल्यापासून ती कमळच्याच घरी, भावाकडे राहत होती. पण माहेर म्हणजे हे, भेगाळलेल्या चिखलातलं.

खरं तर कमळला मुंबईला जायचं होतं. गोदीतल्या हमालांवर लिहायचं होतं. तिथल्या विद्यापीठातल्या बाई तिला घ्यायला तयार होत्या, पण पैशांची सोय तुझी तू पाहा म्हणाल्या होत्या. आणि परवा जेवताना दादा – वडिलांना ती दादाच म्हणे – ताटातून मान वर न काढता बोलले होते, “कोळवणचं खाचर काढू इकायला. तुला जे शिकायचं त्ये शिक.” आईची पळी भाताच्या पातेल्यात जरा जोरात वाजली, एवढंच. ते खाचर आजोबांनी गाव सोडल्यावर दगड वेचून वेचून केलेलं. दुसऱ्याच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल लिहायला आजोबांचं खाचर विकायचं? आणि ते नाही विकलं तर... तर आत्याला विकायचं. हे मनात आलं तशी तिनं घाईघाईनं प्रश्नावली आणि शिसपेन्सिल काढली.

“आत्या, आत्ता घरात माणसं किती?”

“तुला म्हाईत न्हाई व्हय? का पुण्यात इसरून आलीस?”

“तुझ्या तोंडून लिहावं लागतं गं.”

“चार,” आत्या म्हणाली. कमळनं चार लिहिलं.

“आणि तेव्हा? गाव उठलं तेव्हा?”

“तवा बी एक कारकून आलता,” आत्या म्हणाली. “असाच लिव्हीत बसला हुता. मान वर न करता. तुज्यावानी.”

कमळनं मान वर केली.

“बाप रानात, आय पाण्याला गेल्याली. दारात मीच, बारा वर्साची. त्यानं इचारलं, घरात किती? म्या म्हनलं, सहा.”

“मग सहा लिहू?”

“सात हुतो आमी. आय म्हनायची, माणसं मोजून सांगू न्हाई, दिष्ट लागती. एक कमी सांगावा. म्हून एक सोडला.”

“कोण?”

“आक्का. आमची सगुणा.” आत्या जोत्यावरचा वाळका चिखल नखानं खरवडू लागली. “आदल्या दिशी तिनं माजी वेणी वढली हुती.”

गाव सोडल्यावर पहिल्याच थंडीत सगुणाआत्या तापानं गेली, हे कमळला लहानपणापासून माहीत होतं. हे माहीत नव्हतं. एवढीशी पोर, दुखरी वेणी, आणि पुढची चाळीस वर्षं...

“तुजं सरकारात जातंय न्हवं? सात लिही. शाईनं लिही.”

सरकारात जात नव्हतं. पुण्यातल्या एका कपाटात जाणार होतं. ते सांगायला हवं होतं. सांगायला तिनं तोंडही उघडलं, आणि मग पिशवीतून झरणी काढून सात लिहिलं. आत्याला वाचता येत नव्हतं. तरी तिनं त्या आकड्याशेजारी बोट टेकवलं आणि तशीच बसून राहिली.

“वाळू दे,” म्हणाली.

शाई वाळेपर्यंत कमळची नजर वरच्या ओळीवर गेली. चार. दादा, आई, थोरला भाऊ नथू, आत्या... आणि ती स्वतः. पाच. हे आपल्या हातानं लिहिताना लक्षातही आलं नाही! कोण सुटलं? आपणच – मुंबईला गेलेलीच धरून? की आक्का गेल्यापासून आत्या दर वेळी स्वतःलाच सोडत आली होती? विचारता आलं असतं. आत्या हाताच्या अंतरावर होती.

वरच्या वळणावर एस्टीचा हॉर्न वाजला. “ऊठ की, गाडी आली तुजी,” आत्या म्हणाली.

पुणे की मुंबई, हे सकाळपासून डोक्यात भिरभिरणारं कुठं गेलं ते कळेना. खोडरबर कमळच्या मुठीत होतं, चार पेन्सिलीनंच लिहिलेलं होतं. समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेली ती – आणि तिथं पाच लिहायला तिचा हात धजत नव्हता.