धुतलेला स्पंज

हृदयाच्या ऑपरेशनला जाताना यूजीन व्होयताकने बायकोला एकच गोष्ट बजावली होती. "माशांना रोज चिमूटभर खायला घाल. बाकी काहीही करू नकोस."

पण बर्निसला 'काही करू नकोस' म्हणून काय उपयोग? तिने तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डांची सफाई सांभाळली होती. घाण दिसली की तिचे हात शिवशिवत.

मिलवॉकीतल्या त्यांच्या घराच्या तळघरात काचेची मोठी टाकी होती आणि तीत बोटाएवढे, पिवळ्या शेपटीचे मासे. मूळचे मेक्सिकोतल्या एका झऱ्यातले. झरा कधीच आटला होता, आणि ही जात आता हौशी लोकांच्या तळघरांतच काय ती उरली होती. शुक्रवारी जेवायला आलेल्या प्रत्येकाला यूजीन सांगायचा, "बावीस वर्षं झाली, माझ्याकडे हा वंश एकदाही तुटला नाही." पाहुणे तळलेला मासा खात खात माना डोलवायचे. "एवढं कौतुक पोरांचं केलं असतंस तर ती फोन तरी करती," असं बर्निस म्हणायची.

तर त्या मंगळवारी तिने टाकीतला पाणी गाळणारा स्पंज सहज दाबून पाहिला. त्यातून तपकिरी गाळ निघाला आणि तिला शिसारी आली. नवरा छाती शिवून घरी येणार, आणि त्याच्या टाकीत हा उकिरडा? तिने स्पंज कढत पाण्यात खळखळून धुतला. माशांपुरतं पाणी तळाशी ठेवून बाकीचं उपसलं, नळाचं स्वच्छ पाणी भरलं, काच लखलखीत पुसली आणि स्वतःवर खूश होऊन झोपली.

सकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. दुपारपर्यंत एकतीसच्या एकतीस उताणे झाले.

शनिवारी यूजीन घरी येणार होता. त्याच्या मनाला धक्का लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बर्निस जिन्याच्या पायरीवर बसून रडली. नवऱ्यासाठी रडली, आणि खरं सांगायचं तर त्या माशांसाठीही रडली.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे पाळणाऱ्यांच्या क्लबची बैठक असे. या लोकांना ती आजवर 'ओल्या बाह्यांची मंडळी' म्हणत आली होती आणि तिथे कधी फिरकली नव्हती. त्या दिवशी मात्र ती कोट न काढताच सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मी यूजीनचे सगळे मासे मारले," ती म्हणाली.

क्लबची अध्यक्षा ओडेसा शाळेची बस चालवायची. तिने शांतपणे विचारलं, "नळाचं पाणी भरलंत?"

"हो."

"आणि स्पंज?"

"कढत पाण्यात धुतला."

मागच्या रांगेत कुणीतरी कण्हलं. मग लायल नावाचा ऐंशीचा निवृत्त प्लंबर उठला. "मी एकदा हीटर बंद करायला विसरलो. चोवीस मासे. नुसतं सूप झालं."

"आमच्या ह्यांनी टाकीशेजारी बसून खुर्ची रंगवली. रंगाच्या वासानेच सगळे मासे गेले," एक बाई म्हणाली. बघता बघता प्रत्येकाने आपापल्या हत्या कबूल केल्या. बर्निसला जरा श्वास घेता आला.

"अहो बाई," ओडेसा तिच्याजवळ बसून म्हणाली, "त्या गाळातच जिवाणू असतात. माशांची घाण तेच पचवतात. तुम्ही त्यांनाच उकळून काढलंत. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. त्यावरचं औषध टाकल्याशिवाय ते पाणी भरायचंच नसतं."

"म्हणजे जन्मभर मी जे मारत आले..."

"तेच इथे जगवायचं."

"पण बावीस वर्षांचा वंश होता तो."

लायलला एकाएकी ठसका लागला. ओडेसाने त्याच्याकडे डोळे वटारले. "यूजीनने आम्हा सगळ्यांना पिल्लं वाटली आहेत," ती म्हणाली. "मासा टिकवायचा तर वाटून टाकायचा, असं आमच्यात म्हणतात. उद्या येतो आम्ही."

आणि शुक्रवारी बर्फातून ते आले. मासे गारठू नयेत म्हणून पिशव्या कोटाच्या आत, पोटाशी धरलेल्या. लायलने आणला होता आपल्या टाकीतला स्पंज, काळाकुट्ट आणि ओथंबलेला. विरजण संपल्यावर शेजारणीकडून चमचाभर आणावं, तसा तो त्यांनी बर्निसच्या टाकीत सोडला. ती जवळ उभी राहून म्हणत होती, "हळू, पिळू नका हं."

"त्याला सांगू नका," जाताना तिने विनवलं.

"आम्ही कधीच सांगत नाही," लायल म्हणाला.

शनिवारी यूजीन तिच्या खांद्याचा आधार घेत एकेक पायरी उतरला. खोकताना छातीशी धरायला इस्पितळाने दिलेली उशी कवटाळून तो टाकीसमोर बसला आणि बराच वेळ पाहत राहिला. बर्निसने गप्प राहायचं पक्कं केलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तिला ते जमेना.

"यूजीन, मी स्पंज धुतला. तुझे सगळे मेले. हे ओडेसाचे आणि लायलचे आहेत."

यूजीनचे खांदे हलायला लागले. ती घाबरून डॉक्टरांना फोन करायला वळली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो उशी छातीशी दाबून हसतोय.

"कढत पाण्यात धुतलास?"

"कढत."

"मी नळाच्या गार पाण्यात धुतला होता. अकरा वर्षांपूर्वी, तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा. लायल असाच घाणेरडा स्पंज घेऊन आला होता."

"आणि ते बावीस वर्षांचं पुराण?"

"तुझ्यासमोर कबूल करायची लाज वाटली गं. तू आधीच त्यांना आपली सवत म्हणायचीस."

अकरा वर्षं पाहुण्यांदेखत थापा मारल्या म्हणून बर्निस त्याला चांगलं फैलावर घेणार होती. पण उशी धरलेल्या माणसावर ओरडायचं तरी कसं? "सरक जरा," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

पुढच्या शुक्रवारी शेजारचं जोडपं जेवायला आलं. यूजीनच्या ताटात उकडलेल्या भाज्या होत्या, त्यामुळे बोलायला त्याचं तोंड मोकळंच होतं.

"बावीस वर्षं झाली," त्याने सुरुवात केली आणि बायकोकडे नजर जाताच तो अडखळला.

बर्निसने तळलेल्या माशांची थाळी पाहुण्यांपुढे सरकवली.

"एकदाही तुटला नाही," ती म्हणाली.