घंटागाडीतली उज्मा

माझा आवाज चांगला आहे. मी स्वतःच सांगते, कारण बाकीच्यांचं सांगून झालं आहे. आठवीत असताना दर्यापूरच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, तेव्हा परीक्षक बाईंनी विचारलं होतं, "घरीपण मराठीच बोलता का गं तुम्ही?" मी म्हटलं, "घरी उर्दू, दारात वऱ्हाडी, आणि तुमच्यासमोर ही." सगळा हॉल हसला. तेव्हापासून माइक दिसला की मला भूक लागल्यासारखं होतं.

पण पहिल्या लॉकडाऊननंतर आमच्या घरात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. अब्बांची काळीपिवळी जीप आहे, गाव ते दर्यापूर. टीव्हीवर त्या वर्षी काय काय दाखवलं ते सगळ्यांना आठवत असेल. रोग जणू आमच्याच मोहल्ल्यातून निघाला होता. जीपा पुन्हा सुरू झाल्या तरी लोक अब्बांची जीप सोडून द्यायचे आणि मागच्या जीपची वाट पाहत उन्हात उभे राहायचे. ज्यांच्या पोरांना अब्बांनी शाळेत सोडलं होतं, ते मोबाइलमध्ये तोंड घालून उभे असायचे.

एकटी सुभद्राकाकू बसायची. ती आमच्या शेजारची. आमची भिंत एकच, आणि तिची प्राजक्ता माझ्या वर्गात. काकू ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पदर खोचून बसायची आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणायची, "मले रहीमभाऊच्याच जीपमंधी जाचं हाय. ज्याले जमत नसंल त्यानं पायी यावं." काकूला दमा होता. एवढं बोलली की तिला धाप लागायची, तरी बोलायची.

दुसऱ्या वर्षी अमरावती जिल्ह्यात रोग पुन्हा आला तेव्हा सरपंच ओमप्रकाशभाऊ स्वतः आमच्या दारात आले. आधी ते कधी आले नव्हते.

"रहीमभाऊ, पोरगी पाह्यजे तुमची," ते म्हणाले. "आमचं कोणी आयकत नाही. हिचा आवाज घंटागाडीवर लावतो. मराठीत बी बोलंल, तुमच्या मोहल्ल्यासाठी तुमच्या बोलीत बी बोलंल."

अब्बा माझ्याकडे बघत होते आणि मी आधीच होय म्हणून बसले होते. माझी अट एकच होती. आकडा सांगेन, नाव सांगणार नाही. ज्याच्या घरी पेशंट, त्याच्या घरचं दूध बंद, दळण बंद, बोलणंही बंद, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी रोज फोनवर रेकॉर्ड करायची, आणि कचऱ्याची गाडी चालवणारा चंदन ते पेनड्राइव्हमध्ये टाकून गावभर फिरवायचा. सरकारी कागदावरचं मराठी मी फेकूनच दिलं. "हनुवटीले सर्दी होत नाही, मास्क नाकावर घ्या" हे माझं वाक्य पोरं गाडीमागे धावत ओरडायची. आज किती पेशंट, लस कधी येणार, ताप आला तर आशाताई पार्वताबाईंना कुठे गाठायचं, असं सगळं असायचं. एक दिवस आकडा चुकला, तर दुसऱ्या दिवशी मीच सांगितलं की काल चुकला होता. त्या दिवसापासून तर लोक माझं जास्तच मानायला लागले. पारावरचे नत्थुजी आजोबा सकाळी चहाआधी विचारायचे, "उज्मा काय म्हणते आज?"

आणि जीप भरायला लागली. "उज्माच्या बापाची जीप," असं म्हणून लोक चढायचे. माझ्या आवाजाने जीप भरली, हे मी तेव्हा रोज अम्मीला ऐकवायची. अम्मी म्हणायची, "हां हां, अब आटा भी आवाज से गूंध ले."

मग तो दिवस आला. शेवटचा पेशंट बरा होऊन घरी आला आणि मी रेकॉर्ड केलं, "आयका हो, आज आपल्या गावात एकही पेशंट नाही." 'एकही'च्या आधी थोडं थांबले होते, आणि 'नाही'वर हसू आवरलं नव्हतं. तालुक्याचे साहेब आले, वेशीवर फ्लेक्स लागला, ओमप्रकाशभाऊंचा फोटो पेपरात आला. आमच्या गावच्या मजुरांना शेजारच्या गावांतून पुन्हा बोलावणी यायला लागली.

ओमप्रकाशभाऊ म्हणाले, "आता रोज कायले बोलतं बेटा, परीक्षा हाय ना तुयी. हेच वाजू दे."

माझी परीक्षा सरकारने रद्द केली होती. पण मी हो म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांनी अब्बा भर दुपारी घरी आले आणि घरात न येता मागच्या मोरीत अंघोळीला बसले. जीपची पुढची सीट साबणाने धुतलेली होती. मी काय झालं विचारलं. मग टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "ओमप्रकाशभाऊ की माँ को अमरावती के दवाखाने छोड़ के आया. परसों उनकी गली के दो थे." कॅनॉलच्या रस्त्याने गावामागून बसवून नेलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून.

"मग सांगायला पाहिजे ना अब्बा. गाडीवर तर अजून..."

"जिसका मरीज, वो बोले," अब्बा म्हणाले. "हम बोले तो कहेंगे, रहीम की जीप ने लाया."

मी पार्वताबाईंकडे गेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "रोडगे होऊ दे म्हणतात सरपंच, मंग सांगू. तू नोको बोलू बाई, मले इथंच नोकरी कराची हाय."

रोडग्यांची गोष्ट अशी, की गाव वाचलं तर मारुतीला रोडगे करीन, आख्ख्या गावाला जेवू घालीन, असा ओमप्रकाशभाऊंनी नवस बोलला होता. गाव वाचलं आहे हे साहेबांनी सांगितलं, पेपराने छापलं, मी गाडीवरून ओरडले. आता नवस फेडायलाच हवा होता. नाही फेडला तर गाव वाचलं नाही असा अर्थ झाला असता. पंगतींना बंदी होती, तालुक्याला कळू नये म्हणून ती मारुतीच्या मागच्या शेतात ठरली. आमंत्रण तोंडी, घरटी.

आणि रोडगे म्हटलं की सुभद्राकाकू. कणकेचे गोळे वळावेत तर तिनेच. गोवऱ्यांच्या आरात भाजून निघाले की तिच्या रोडग्याला पदर सुटायचे, बाकीच्यांचे नुसते दगड. दिवसभर पन्नास बायकांत बसून कणीक मळायची, धुरात, त्या दम्याने.

मला एवढंच हवं होतं की काकूने जाऊ नये. बाकी गावाचं मी नंतर बघितलं असतं.

ती ओट्यावर बसून मोठी परात घासत होती.

"काकू, तुम्ही रोडग्यांना जाऊ नका."

"काहून वं?"

"गावात पेशंट आहेत."

नेमकी त्याच वेळी गाडी वळणावर आली. "आयका हो, आज आपल्या गावात एकही पेशंट नाही." हसू आवरत नसलेली मी.

काकू परात घासायची थांबली. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आता तुयं आयकू का तियं?"

"ते जुनं आहे, काकू. पंधरवड्यापूर्वीचं."

"मंग नवं कोण हाय पेशंट? नाव सांग."

नाव सांगायचं नाही ही अट माझी स्वतःची होती. वर अब्बांनीही बोलू नको म्हटलं होतं. तरी मी सांगितलं, हळूच, तिच्या कानाशी. "ओमप्रकाशभाऊंची आई."

काकू हसली. "ते तं लेकीकडं गेली अमरावतीले. कालच फोन केला मले. म्हणे, सुभद्रे, कणकीत मीठ पाहून टाकजो."

"दवाखान्यातून केला असेल. अब्बांनी सोडलंय त्यांना."

आता काकू हसली नाही. पाण्याचा हात पदराला पुसला आणि परात बाजूला सारली. मला वाटलं, जमलं.

"पाह्य उज्मे," ती म्हणाली, "आखं गाव जाऊन राह्यलं. मी एकटी नाही गेली तं काय म्हणतीन? सुभद्रीच्याच घरी पेशंट हाय म्हणून नाही आली. मंग प्राजक्तीले कोण पाणी भरू देईन? आन् नवसाच्या कामाले नाही म्हणू का? तुया अब्बाच्या जीपमंधी बसली तवा काय झालं मले? काई नाही झालं."

तिने परात पुन्हा पुढे ओढली आणि घासायला लागली. 

रोडग्यांच्या दिवशी सकाळी मी घंटागाडी चावडीसमोर अडवली. लोक घरची ताटं-तांबे घेऊन शेताकडे निघाले होते.

"बंद कर," मी चंदनला म्हटलं.

"सरपंचानं बंद करू नोको म्हणलं. बाजू हो वं."

मी मागच्या पायरीवर चढले आणि ओरडले, "गावात पेशंट आहेत. पंगतीला जाऊ नका. हे रेकॉर्डिंग जुनं आहे." पण भोंगा माझ्या डोक्यावर होता. मी एक वाक्य बोलायची आणि वरून दुसरी उज्मा तीन वाक्यं बोलायची. तिचा आवाज मोठा होता, आनंदी होता, आणि तिला धाप लागत नव्हती. लोक ताटं घेऊन थांबले.

नत्थुजी आजोबा म्हणाले, "पोरगी आपल्याच संगं भांडून राह्यली, बाप्पा." सगळे हसले. मी पूर्वी ज्या हसण्यावर खूश व्हायची, तसंच हसले.

ओमप्रकाशभाऊ रागावले नाहीत. जवळ येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच मागे घेतला. अब्बा जीपपाशी उभे होते, त्यांना म्हणाले, "रहीमभाऊ, पोरीले समजावा. उद्या लोक इचारतीन, पेशंट कोण्या जीपमंधून आले-गेले. मंग मी कोणाकोणाचं तोंड धरू?"

अब्बांनी माझा हात धरून मला खाली उतरवलं. इतक्या जोरात त्यांनी मला कधी धरलं नव्हतं.

काकू बायकांबरोबर समोरून गेली. परात डोक्यावर, मास्क हनुवटीला. "जेवाले ये," म्हणाली, "नाही आली तं तुयासाठी राखून ठेवीन." आणि संध्याकाळी खरंच फडक्यात बांधलेले दोन रोडगे भिंतीवरून अम्मीच्या हातात दिले. देताना खोकत होती. धुराचं आहे म्हणाली.

ते धुराचं नव्हतं. आठवडा उलटायच्या आत तिला वाक्य पुरं करता येईना. अब्बांनी तिला जीपमध्ये घातलं. मागच्या सीटवर प्राजक्ता, आणि काकू पुढेच बसली, ड्रायव्हरशेजारी, तिच्या नेहमीच्या जागी. अमरावतीत तीन दवाखान्यांच्या दारातून परत फिरले. चौथ्याने घेतलं. तिथून ती आली नाही. तिची मातीही गावात आली नाही.

ओमप्रकाशभाऊंनी चंदनला पाठवलं. चंदन दारात उभा राहून पाठ केल्यासारखं म्हणाला, "भाऊ म्हणते, असं बोलाचं. सुभद्राबाई यांचं अल्पशा आजारानं दुःखद निधन झालं."

अल्पशा. ज्या बाईला श्वास घ्यायला दोन्ही हातांनी सीट धरावी लागत होती.

"फोनवर नाही," मी म्हटलं. "गाडीवर येऊन बोलते. शेजारीण होती माझी."

चावडीसमोर माइक हातात घेतला. मी रडले नाही, हे मला सांगायचं आहे. स्पर्धेत बोलले होते तशीच बोलले. "सुभद्राकाकू कोरोनानं गेल्या. त्या नवसाच्या रोडग्याले गेल्या होत्या, तितं पेशंट होते. सरपंचाच्या घरी पेशंट होते, त्यायले मालूम होतं. माया आवाज गाडीवर वाजत होता, तो जुना होता. ज्यायले ताप असंल त्यानं आजच पार्वताबाईकडं जा." मोहल्ल्यासाठी तेच पुन्हा आमच्या बोलीत. चंदनचा हात बटणापर्यंत गेला होता. त्याच्या घरी त्याची आई तापाने झोपून होती, हे मला नंतर कळलं. त्याने हात मागे घेतला.

त्या दुपारी पार्वताबाईंच्या दारात रांग लागली. किती जण वाचले मला माहीत नाही, वाचलेले कुणी येऊन सांगत नाहीत. ओमप्रकाशभाऊंच्या आई बऱ्या होऊन परत आल्या. नवस पावला, म्हणाले लोक.

प्राजक्ता तिसऱ्या दिवशी भिंतीपाशी आली. मला वाटलं, गळ्यात पडेल.

"माया आईचं नाव काहून घेतलं?" ती म्हणाली. "नाव घेणार नाही म्हणत होती ना तू? आता हापशीवर गेलं का बाया भांडे उचलून घेतात. काहून घेतलं?"

एवढं म्हणून ती आत गेली.

गाडीवर पुन्हा जुनंच रेकॉर्डिंग लागलं. उन्हाळा संपता संपता ते खरंही झालं. ओला कचरा, सुका कचरा सांगून झालं की चंदनच्या पेनड्राइव्हमधून अजूनही कधीकधी ते चुकून वाजतं. 'एकही'च्या आधी थांबणारी ती मुलगी खूप खूश आहे. मला तिला एक कानाखाली द्यावीशी वाटते.

आता मी दहावीत आहे. सायन्सच्या ट्यूशनला दर्यापूरला जाते, अब्बांच्या जीपमध्ये, मागे. पेशंट नेणारी जीप म्हणून लोक पुन्हा ती सोडून देतात. मीच तर गाडीवरून सगळ्यांना विचार करायला लावलं, मग कोण पेशंट कोणत्या जीपने गेला हेही त्यांनी शोधून काढलं.

परवा प्राजक्ता स्टँडवर उभी होती. तिचीही तीच ट्यूशन, तीच वेळ. अब्बांनी अगदी तिच्यासमोर जीप थांबवली आणि हात लांब करून पुढचं दार आतून उघडलं. सीट रिकामी होती. त्या सीटवर अब्बा दुसऱ्या कुणाला बसवतही नाहीत.

प्राजक्ताने मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागली.

अब्बा थोडा वेळ थांबले. मागून दुसऱ्या जीपवाल्याने हॉर्न दिला. मग त्यांनी दार ओढून घेतलं, आणि आम्ही निघालो.