बारा बिल्ल्यांची फळी

मी एक फळी बोलतेय. डोंगराच्या पायथ्याशी पाहुण्यांसाठी एक छोटं विश्रामगृह आहे. त्याच्या मागच्या दाराजवळ, छत्र्यांच्या वर, मी भिंतीवर असते. माझ्या अंगावर बारा खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर आकडा कोरलेला पत्र्याचा एकेक बिल्ला.

पूर्वी मी एका मोडक्या कपाटाचं दार होते. सुतारानं मला कापलं, रंधा मारला, तेव्हा अंग सोलून निघालं. पण खुंट्या बसवून झाल्यावर तो काकूंना म्हणाला, "घ्या, ही तुमची पहारेकरीण!" काकू म्हणजे इथल्या मालकीणबाई. ते ऐकून मी अशी काही फुगले, की पहिल्या पावसाळ्यात दमट हवेनंसुद्धा तेवढी फुगले नाही.

माझं काम सोपं. डोंगरावरच्या निसर्गवाटेनं जाणाऱ्या पाहुण्यानं एक बिल्ला खिशात घालायचा आणि परत आल्यावर खुंटीला लावायचा. संध्याकाळी काकू ओले हात पुसत यायच्या, माझ्याकडे बघायच्या. सगळ्या खुंट्या भरलेल्या असल्या, की गुरं आत शिरू नयेत म्हणून वाटेच्या फाटकाला कुलूप. एखादी रिकामी असली, की काका, म्हणजे काकूंचे यजमान, शोधायला निघायचे. सात वर्षं मी एकदाही चुकले नाही.

मग एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आली. सकाळी दोघं बिल्ले घेऊन गेली. दुपारी बाई एकट्याच परतल्या. चढ सोसला नव्हता, तोंड लालबुंद झालं होतं. त्यांनी पर्समधून दोन बिल्ले काढले आणि दोन्ही लावून टाकले.

"खिसा शिवून देते म्हटलं तर ऐकतील तर शपथ! म्हणे, भोकातून पडेल, तूच ने," असं पुटपुटत त्या खोलीत गेल्या आणि झोपल्या.

मी ते ऐकलं होतं. मास्तर अजून वरच आहेत, हे त्या घरात जागेपणी फक्त मला माहीत होतं.

संध्याकाळी धुकं उतरलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "आले गं बाई सगळे," म्हणाल्या आणि कुलूप लावून आल्या.

जेवायच्या वेळी बाई उठून आल्या. "हे कुठे आहेत हो?"

"असतील बाहेर बागेत. फळी भरलीय, काळजी नको."

माझ्या शब्दावर आणखी अर्धा तास गेला. बागेत कुणी नव्हतं. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एका बिल्ल्यावर बोट ठेवलं. "अहो, त्यांचा बिल्ला मीच लावला!"

काका धावले. मास्तर फाटकाच्या पलीकडे सापडले. घोटा मोडला होता. फरपटत तिथवर आले होते, हाका मारून मारून आवाज बसला होता. त्यांना उचलून आत आणलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कुलूप दिसलं, तेव्हा वाटलं, मला विसरलेच सगळे."

बाई स्वतःला बोल लावत राहिल्या. काकू म्हणाल्या, चूक माझी. मास्तरांनी तर दोष खिशावर घातला. मला कुणीच काही बोललं नाही. लाकडाला कोण बोलणार? दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

मास्तर आता काठी घेऊन चालतात, असं पत्र आलं होतं. ती दोघं पुन्हा आली नाहीत.

हल्ली मी भरलेली असले, तरी काकू खोल्याखोल्यांतून हाका मारत फिरतात. "काकू, फळी बघा की!" असं कुणी हसून म्हणालं, तर त्या म्हणतात, "तिला बिल्ले कळतात, माणसं नाही कळत."

खरं आहे. माझ्या दोन खुंट्या सैल झाल्यात, रंगही उडालाय, पण मला अजून काढलेलं नाही. तुम्ही इथे आलात, तर आपला बिल्ला दुसऱ्याच्या हाती देऊ नका. आणि मी काठोकाठ भरलेली दिसले, तरी आत जेवायला बसण्याआधी शेजारच्या खोलीचं दार एकदा वाजवा. आतून 'ओ' आली, तरच माझं खरं माना.