प्रेमदासनं उचललेला माणूस

जाम गावच्या चौकात कुठंही धडक झाली की पहिला प्रेमदासचा ऑटो पोचायचा. बाकीचे मोबाईल काढून उभे, हा पठ्ठ्या माणूस उचलायचा. म्हणून पंचायतीच्या हॉलमध्ये ऑटोवाल्यांसाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ठेवलं, तेव्हा तो पुढच्याच सतरंजीवर ऐटीत बसला. आपल्याला कोण काय शिकवणार?

शिकवायला आलेल्या रोशनी सिस्टरनं अंकित नावाच्या ऑटोवाल्याला खाली झोपवलं. "हा गाडीवरून पडला. कसा उचलाल?"

प्रेमदासनं बगलेत हात घातले, दुसऱ्यानं पाय धरले, झालं काम.

"याचा मणका मोडला असेल, तर आता याचे पाय गेले," सिस्टर शांतपणे म्हणाली. मग तिनं दाखवलं. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं, उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, अॅम्ब्युलन्स येईस्तोवर जागचं हलवायचं नाही. कूस वळवायचीच झाली, तर चौघांनी मिळून, एका दमात. प्रेमदासनं अंकितचं डोकं धरलं खरं, पण डोळ्यांपुढे हिरालाल होता.

हिरालाल त्याचा जिवलग दोस्त. तीन वर्षांपूर्वी ट्रकनं उडवलं, तेव्हा प्रेमदासनं त्याला असंच बगलेत धरून ऑटोत कोंबलं होतं. जीव वाचला, पाय कायमचे गेले. आता व्हीलचेअरवर बसून किराणा विकतो आणि गावभर सांगतो, प्रेमदासनं मले वाचवलं.

सांगावं तर दोस्ती तुटणार, न सांगावं तर तोंड कसं दाखवायचं? शेवटी संध्याकाळी तो दुकानात गेलाच.

"हिरा, तुह्ये पाय ट्रकनं नाई गेले बे. माह्या उचलण्यानं गेले असन."

हिरालालनं गिऱ्हाइकाच्या हातात साखरेची पुडी दिली, मगच बोलला. "मले मालूम आहे. डॉक्टरनं तवाच म्हटलं होतं."

"मंग तीन वर्षं बोलला काऊन नाई?"

"बोललो असतो तं पुढच्या पडलेल्यापाशी तू थांबला असता का? तानबाची पोरगी गाडीखाली आली, तिले दवाखान्यात कोणं पोचवली असती? ते आज शाळेत जाते." पुडीचा दोरा गुंडाळत तो म्हणाला, "उचलणं शिकवता येते, प्रेमदास. थांबणं कोण शिकवन? म्हणून तं ट्रेनिंगचा अर्ज मीच देल्ला पंचायतीत."

माफी मागायला आलेला प्रेमदास दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. आजवर तो समजत होता, वाचवणारा आपण.