बिनखांबाची गाडी

गारखेड्याच्या घरामागं दत्तोपंतांची हार्डटॉप उभी होती. साठ सालची अमेरिकन गाडी. पुढच्या आणि मागच्या दारांमध्ये खांबच नाही. काचा उतरवल्या की सगळी बाजू मोकळी. बंद केल्या की मात्र काचेला काच भिडायची आणि फटीतून पाणी आत यायचं. शेवटी दत्तोपंतांनी स्वतः नवी रबरं बसवली आणि येईल त्याला सांगू लागले, "आता गळत नाही." त्यानंतर दोन वर्षं पाऊसच झाला नाही. त्यांचा शब्द तसाच राहिला आणि यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले.

घराच्या जागी आता फ्लॅट होणार होते. कोणी गाडी नेली नाही तर ती भंगारात जाणार, आणि त्यांच्या मुलीला, दमयंतीला, तेच नको होतं.

पडेगावच्या विश्वजीतकडे जुन्या गाड्यांची शेड होती. दमयंतीनं बोलावलं तसा तो आला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि पाणी ओतून बघू म्हणाला.

"बाबांनी दुरुस्त केलीय," दमयंती म्हणाली.

"ताई, काचंचं नाय म्हणत मी. टपाला मधी आधार नाय. खड्ड्यांनी टप बसला असंल तर पाणी वरच्या कडंनं येईल. मग न्हेऊन उपयोग नाय."

बाबांचा शब्द असा तपासायला लावणं तिला जड गेलं. तरी कपडे धुवून राखून ठेवलेल्या पाण्याची बादली तिनं आणली. शेजारच्या द्वारकाबाईंनी गच्चीवरून विचारलंच, "टँकरचा पत्ता नाय, अन् गाडीला आंघोळ व्हय?"

दमयंती मागच्या सीटवर जाऊन बसली. विश्वजीतनं टपावर बादली उपडी केली. टपाची कड तिनं बोट फिरवून पाहिली, कोरडी. हायसं वाटतंय तोवर काचांच्या फटीतून साबणाच्या वासाचा थेंब तिच्या खांद्यावर पडला. मग दुसरा. गळत होती. पूर्वी जिथून गळायची, तिथूनच.

तिनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "काचेतून येतंय," ती म्हणाली.

"तिथून समद्याच हार्डटॉप गळत्यात. टप सरळ हाय ना? मग न्हेतो मी." मग संकोचानं तो म्हणाला, "रबरं तेवढी बदलीन. चालंल का?"

दमयंतीला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. बाबा असते तर दिवसभर त्याच्याशी वाद घालून संध्याकाळी स्वतःच नवी रबरं आणायला निघाले असते.

"बदला की," ती म्हणाली, आणि खांदा तसाच ओला ठेवून किल्ली आणायला आत गेली.